भगवा दोनदा, राखाडी शनिवारी

इमारतीवर रंग बदलणारे दिवे लावण्याची इच्छा नेहमी दुसऱ्याच्या उजेडात जन्मते. पंधरा ऑगस्टच्या आदल्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि समोरची महापालिकेची इमारत तिरंग्यात उजळतात. त्यांचे फोटो रात्री अकराच्या सुमाराला पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर येऊन पडतात, आणि सकाळी झेंडावंदनाला कडक इस्त्रीत जमलेल्यांपैकी कोणीतरी वर बघत म्हणतं, "आपल्यालाही काहीतरी करता येईल." मुंबईच्या त्या दोन्ही इमारती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या एकाच वास्तुविशारदाने आखलेल्या. घुमट, कमानी, दगडात कोरलेले पशुपक्षी असा ऐवज तिथे उजेड पडायची वाट बघत उभाच असतो. आमची इमारत सात मजली आहे आणि तिच्या दर्शनी भागावर उठावाचं म्हणून जे काही आहे ते सांडपाण्याचे पाइप आहेत. तरीही ठराव सूचक-अनुमोदकासह सर्वानुमते मंजूर झाला. सर्वानुमते झालेल्या ठरावांबद्दल माझं मत चांगलं नाही. त्यात भांडण मिटलेलं नसतं, पुढच्या तारखेला ठेवलेलं असतं.

दिवे विकायला आलेल्या गृहस्थांनी बॅग उघडायच्या आधीच सांगितलं, "साहेब, यात एक कोटी सदुसष्ट लाख रंग आहेत." हिशेब खरा आहे. प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा एलईडी. प्रत्येकाला शून्य ते २५५ अशा २५६ पायऱ्या. २५६चा घन केला की १,६७,७७,२१६. खजिनदारांनी मोबाइलवर गुणाकार करून खात्री करून घेतली आणि विचारलं, "यापेक्षा कमी रंगांचा येत नाही का? आपल्याला दहा-बारा पुरतील." सगळे हसले. विक्रेत्याने उलट आणखी एक चौथा एलईडी गळ्यात मारला, पांढरा. तिघांच्या मिसळणीतून होणारा पांढरा जरा निळसर, दवाखानी दिसतो म्हणून हा वेगळा. म्हणजे एका दिव्यामागे चार आकडे झाले. आमचे दिवे अठ्ठेचाळीस.

हे आकडे दिव्यांना सांगणारी पेटी म्हणजे डीएमएक्स कंट्रोलर. घराणं नाटकातलं. पूर्वी एका कंपनीचा डिमर दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलचं ऐकत नसे, म्हणून अमेरिकेतल्या रंगभूमी-तंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ साली सगळ्यांसाठी एक बोली ठरवली. १९९० साली ती सुधारली, २००४ साली तिला राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या बोलीत एका तारेतून ५१२ आकडे ओळीने जातात, आणि पूर्ण ओळ सेकंदाला साधारण ४४ वेळा म्हणून दाखवली जाते. समोरून उत्तर येत नाही. दिवा गेला, तार तुटली, कबुतराने आत घरटं केलं, पेटीला कशाचाही पत्ता नसतो. ती सांगत राहते. सांगितलेलं नीट पोचलं का हे तपासायचीही सोय नाही, म्हणून जिथे जिवाला धोका आहे, उदाहरणार्थ स्टेजवर स्फोट घडवायचे आहेत, तिथे ही पद्धत वापरू नये असं खुद्द मानकच सांगतं. सेक्रेटरींनी हे सगळं लक्षपूर्वक ऐकलं. "म्हणजे आपण सांगत राहायचं आणि समोरून हरकत यायची सोयच नाही?" असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. इतके प्रसन्न ते एरवी लेखापरीक्षण संपल्यावरच दिसतात. दिव्यांनी उलट बोलावं अशी सोय नंतर निघालेली आहे, तिला आरडीएम म्हणतात. तिचे पैसे वेगळे पडतात असं कळल्यावर खजिनदारांनी ती वगळली आणि सेक्रेटरींनी ती मनापासून वगळू दिली.

आता हे ५१२ आकडे अठ्ठेचाळीस दिव्यांनी आपसांत वाटून कसे घ्यायचे? हे विक्रेत्याला समजावता येईना, शेवटी आमच्या सोसायटीतल्या लग्नकार्यांचा अनुभव कामी आला. डीएमएक्सची तार म्हणजे पंगत. वाढपी पहिल्या पानापासून निघतो, त्याच्या हातात ५१२ वाट्या. पहिल्या दिव्याचा पत्ता १. तो १ ते ४ घेतो. दुसऱ्याचा ५, तिसऱ्याचा ९. प्रत्येकाने निमूट मोजत बसायचं आणि आपला क्रमांक आला की चार वाट्या उचलायच्या. पंगत सरळ एका रांगेत हवी. मध्येच आडवी फांदी काढली की वाढप्याला कुठे जावं कळत नाही. एका रांगेत ३२ पानांपेक्षा जास्त मांडायची नाहीत. पुढच्यांसाठी स्प्लिटर लावून दुसरी पंगत. आणि शेवटच्या पानानंतर १२० ओहमचा एक रेझिस्टर लावायचा, नाहीतर वाढपी भिंतीला आपटून मागे फिरतो आणि जेवलेल्यांना परत वाढत सुटतो. दिवे थरथरतात ते यामुळे.

वायरमनला यातलं काही मान्य नव्हतं. त्याचा आयुष्यभराचा धर्म म्हणजे जिथे जवळ पडेल तिथून जॉइंट मारणे. चौथ्या मजल्यावर एक आणि सहाव्यावर दोन अशा फांद्या त्याने काढल्या, रेझिस्टर "एवढंसं काय करणार" म्हणून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि संध्याकाळी इमारतीचा उजवा खांदा झटके देऊ लागला. फांद्या काढाव्या लागल्या. रेझिस्टर त्याच्या घरी धुण्यात गेला होता. नवा काही रुपयांत मिळाला, पण तो आणायला गेलेली रिक्षा महाग पडली.

पत्त्यांचं प्रकरण याहून सुंदर. प्रत्येक दिव्याच्या आत बारीक खटक्यांची एक पट्टी असते. पहिला खटका १चा, दुसरा २चा, तिसरा ४चा, मग ८, १६, ३२ असं दुपटीने नवव्याला २५६ पर्यंत. दहाव्या दिव्याचा पत्ता ३७. म्हणजे ३२, ४ आणि १ हे तीन खटके वर, बाकी खाली. हे अठ्ठेचाळीस वेळा, झुल्यावर लोंबकळत, वाऱ्यात, दातांत स्क्रू धरून. वायरमनने पहिल्या दिव्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो बघून सगळे दिवे तसेच केले. "एक माप, साहेब. कमी-जास्त नको." अठ्ठेचाळीस दिव्यांचा पत्ता १. वाढप्याच्या पहिल्या चार वाट्यांवर सगळी पंगत तुटून पडली, उरलेल्या ५०८ परत गेल्या. बटण दाबलं की अख्खी इमारत एकदम लाल, एकदम हिरवी. खाली जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन म्हणाले, "एकजूट ती हीच." कंट्रोलर लावायला आलेला मुलगा बिचारा सांगत होता की यात रंग खालून वर चढवता येणार नाही, तिरंग्याचे तीन पट्टे येणार नाहीत. ते कोणी कानावर घेईना. तिरंग्याचं नाव दुसऱ्यांदा निघाल्यावर मात्र झुला पुन्हा बांधला गेला.

या कामाची एक अडचण अशी की ते दिवसा होत नाही. रंग ठरवायचे तर अंधार हवा, आणि अंधार पडला की सोसायटी जेवून मोकळी झालेली असते. त्यामुळे जे काम दोन तंत्रज्ञांनी शांतपणे करायचं ते पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसलेल्या पस्तीसएक जाणकारांच्या देखरेखीखाली झालं. त्या मुलाला फक्त आकडे समजत होते. मंडळींना फक्त नावं समजत होती. तो विचारी, "किती करू?" वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणत, "अबोली कर." पुढचा अर्धा तास तो अबोलीच्या मागे. लाल पूर्ण, हिरवा थोडा, पांढऱ्याचा किंचित हात. "ही अबोली नाही, हा कोलंबीचा रंग आहे," असा निकाल लागला. मोरपंखी आणि चिंतामणी यांत फरक असतो हे त्या मुलाच्या अभ्यासक्रमात नव्हतं. काकूंच्या कपाटात दोन्ही होते, त्यांनी घडी उलगडून कठड्यावर धरून दाखवले. तिसऱ्या रात्रीपर्यंत त्याच्या वहीत डाव्या बाजूला राणी, डाळिंबी, पोपटी, मोतिया आणि उजवीकडे चार-चार आकडे अशी यादी तयार झाली. माझ्या मते साऱ्या प्रकल्पात जतन करण्याजोगं काही असेल तर ती वही.

आमसुलीवर तो अडला. विटकरीवरही. उजेडातून तपकिरी रंग बनत नाही. तपकिरी म्हणजे भोवतालापेक्षा अंधारलेला नारिंगी. रात्रीच्या काळोखात भिंतीवर एकटा नारिंगी कितीही मंद केला तरी तो मंद नारिंगीच दिसतो. काळा तर सोडाच. "एक कोटी सदुसष्ट लाखांत आमसुली नाही?" असं काकूंनी विचारलं, तेव्हा विक्रेता मोबाइल कानाला लावून फाटकाबाहेर गेला.

भगव्याची रात्र मोठी झाली. आपल्या तिरंग्यातल्या केशरीसाठी संगणकावर सहसा वापरतात ते आकडे २५५, १५३ आणि ५१. मुलाने ते जसेच्या तसे घातले आणि भिंत फिकट पिवळी पडली. पडद्यावरचे आकडे डोळ्याच्या सवयीप्रमाणे वाकवलेले असतात; दिवे त्यांना सरळ अर्थाने घेतात, आणि एलईडीतला हिरवा मूळचाच जोरकस. मग हिरवा १२०, १००, ८० असा उतरवत आणला. इथून पुढे भौतिकशास्त्र संपलं. एकाला हवा होता तो केशरी, म्हणजे झेंड्यातला. दुसऱ्याला भगवा, म्हणजे गडावरचा. तिसरे म्हणाले, मारुतीचा शेंदरी घ्या, त्याला कोणाची हरकत नसते. हिरव्याचा आकडा ७०वरून ६० झाला की एक खुर्ची समाधानाने मागे रेलायची आणि दुसरी पुढे यायची. शेवटी ६४ ठरला. तो कोणालाच पूर्ण पसंत नाही म्हणून सर्वांना मान्य झाला.

निळ्याचं गाऱ्हाणं वेगळंच होतं, आणि खरं होतं. चौदा एप्रिलला इमारत निळी करायची हे ठरलेलं होतं. दिवे पूर्ण ताकदीवर होते, तरी भिंत मळकट जांभळी दिसे, बाकीच्या दिवसांपेक्षा कितीतरी मंद. मागच्या बाजूला राहणाऱ्या एका सभासदांनी लेखी विचारणा केली की नेमका आमच्याच दिवशी उजेड कमी कसा. कारण शोधायला फार दूर जावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी प्रदीर्घ चर्चेनंतर इमारतीला गेरूसारखा तांबूस रंग देण्यात आला होता. तांबूस भिंत लाल उजेड परत फेकते आणि निळा गिळून टाकते. मुळात निळा हा आधीपासूनच कष्टाने मिळालेला रंग. लाल एलईडी १९६२ साली तयार झाला, पण उजळ निळ्यासाठी नव्वदचं दशक उजाडावं लागलं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्याबद्दल २०१४चं नोबेल मिळालं, कारण निळा नाही तर एलईडीचा पांढराही नाही. एवढं करून जपानहून निघालेला निळा आमच्या ऑइल पेंटने अडवला. भिंत पुन्हा रंगवायला पैसे नव्हते. मग तोडगा असा निघाला की निळा वर जात नाही, तर बाकीचे सगळे रंग त्याच्या पातळीला खाली आणायचे. त्या रात्रीपासून आमच्याकडे सगळे सण सारखेच मंद आहेत, आणि तक्रार नाही. वीजबिल कमी झालं हे खजिनदारांनी कोणाला सांगितलं नाही.

राखाडीने मात्र सगळ्यांना एकाच वेळी हरवलं. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग असतात, त्यांतले सात वारांना बांधलेले: सोमवार पांढरा, मंगळवार लाल, गुरुवार पिवळा, आणि शनिवार राखाडी. लोकल गाड्यांपासून बँकांच्या काउंटरपर्यंत सगळीकडे ते पाळले जातात, तेव्हा इमारतीने का मागे राहावं? पण राखाडी उजेड अस्तित्वात नाही. राखाडी म्हणजे कमी पांढरा. मुलाने पांढरा तीस टक्क्यांवर आणला. काकूंनी राखाडी साडी नेसून, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगला आलाय." साडेसातपर्यंत सेक्रेटरींना एकवीस फोन आले की बिल्डिंगवर व्होल्टेज कमी आहे. रात्री वायरमन स्वतःहून आला आणि त्याने मेन पॅनल उघडून ठेवलं.

त्याच नवरात्रात एका मंगळवारी रात्री पावसाची जोरदार सर आली आणि पाचव्या मजल्यावरचा एक जोड सुटला. हुकूम येणं थांबलं तर काय करायचं हे दिव्यांना आधी शिकवता येतं: विझायचं, किंवा शेवटचा ऐकलेला रंग धरून बसायचं. आमचे दुसऱ्या पंथाचे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी अर्धी इमारत बुधवारची निळी आणि वरची अर्धी मंगळवारची लाल राहिली. समोरच्या चहावाल्याकडे त्याचे बरेच अर्थ लावले गेले. काहींना त्यात युतीची चिन्हं दिसली.

कंट्रोलरमध्ये घड्याळ असतं, आणि ते हुशार असतं. अक्षांश-रेखांश दिले की ते सूर्यास्त स्वतः काढतं. पुण्यात नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास, त्याप्रमाणे दिवे आपोआप लागतात. खोका उघडला तेव्हा ते स्वतःला कुठल्याशा थंड देशात समजत होतं आणि पहिल्या दिवशी दुपारी लागलं, पण तेवढं चालायचंच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट एकदा घातले की जन्माची ददात मिटली. तिथी मात्र त्याला समजत नाही. पाडवा, गणपती, नवरात्र, दिवाळी, सगळं दरवर्षी हलतं. ईद तर आणखी वेगळ्या चालीने हलते आणि चंद्र दिसेपर्यंत पक्कीही होत नाही. म्हणून दर डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की समितीतले दोघे चष्मे पुसून पेटीसमोर बसतात. एक मोठ्याने वाचतो, दुसरा बटणं दाबतो. शिवजयंतीपाशी मुलाने विचारलं, तारखेने की तिथीने? एकोणीस फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया? खोलीत जो सन्नाटा पसरला त्यावरून त्याने शहाणपणाने दोन्ही घातल्या. ६४ हिरव्याचा भगवा आमच्याकडे वर्षातून दोनदा लागतो आणि दोन्ही वेळा वेगवेगळी माणसं फोटो काढतात.

उरलेल्या तीनशे दिवसांचं काय? बऱ्याच बैठकांनंतर कोणाचाच नसलेला रंग सापडला: चौथ्या एलईडीचा साधा, कोमट पांढरा. एक कोटी सदुसष्ट लाख रंगांच्या हिशेबात तो धरलेलाही नव्हता. सणावारांचे मोजले तर तेरा रंग होतात. खजिनदार हे दर बैठकीत सांगतात.

खिडक्यांचा प्रश्न अजून सुटायचा आहे. दिवे भिंतीला चिकटून वर उजेड फेकतात, आणि ज्यांच्या खिडकीखाली दिवा आहे त्यांची बेडरूम रात्री अकरापर्यंत त्या दिवसाच्या रंगाची असते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना हिरव्या रात्री आपण आजारी आहोत असं वाटतं. कठड्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर तर इमारतीपेक्षा सुरेख रंग येतो, पण ती चादर काढा असं सांगायला गेलेल्या चेअरमनांना, चादर आधीपासून होती, दिवा नंतर आला, असं उत्तर मिळालं.

त्यातच २०२६च्या कालनिर्णयात ज्येष्ठ अधिक निघाला. पेटीसमोरचे दोघे थांबले. अधिक महिन्याचा रंग कुठला? खजिनदार चटकन म्हणाले, "अधिकात शुभकार्यं वर्ज्य. महिनाभर दिवे बंद." काकूंनी त्यांना तिथेच धरलं. अधिक महिन्यात दीपदानाचं पुण्य मोठं, दिवे बंद कसे ठेवता? जावयाला तेहतीस अनारसे देतात, तसे निदान तेहतीस दिवे तरी लागले पाहिजेत. आता प्रत्येक दिव्याचा पत्ता वेगळा असल्यामुळे हे करता येण्यासारखं होतं. मुलाने लॅपटॉप उघडून विचारलं, "अठ्ठेचाळीसपैकी पंधरा बंद करतो. कुठले करू?"

विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे. बंद ठेवायचे पंधरा दिवे आपल्याच खिडकीखालचे असावेत म्हणून अर्ज मागवले होते. फ्लॅट अठ्ठावीस आहेत, अर्ज एकतीस आले आहेत.